सातव्या मजल्यावरचा चुकलेला ताल

"हेडफोन दे!"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं तू जेवायच्या आधीही म्हणाला होतास! माझं जेवण पचलंसुद्धा!"

ठिणगीने वायर ओढली. घुम्याने मुकाट्याने हेडफोन कानांवरून उतरवले आणि तिच्यापुढे धरले. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी कसं वागायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. उगाच नाही सगळे तिला ठिणगी म्हणत! पण हा मुलगा भांडतच नव्हता. नुसता बघायचा, हसायचा आणि पुन्हा गप्प. म्हणून तर मामाच्या घरी त्याचं नाव घुम्या पडलं होतं. मामा-मामींचं घर बदलणं चालू होतं, तेवढे पंधरा दिवस तो आत्याकडे, म्हणजे ठिणगीच्या घरी, राहायला आला होता.

पंधरा दिवस! त्यातले चारच झाले होते आणि ठिणगीच्या सुट्टीची पार वाट लागली होती.

खरं तर सुट्टी सुरू झाली तेव्हा सगळं तिचं होतं. आईच्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप तिचा होता. त्यावरचं संगीताचं सॉफ्टवेअर तिनेच इंटरनेटवरून उतरवलं होतं, तेही फुकट. चोरून नव्हे हं! जगभरच्या लोकांनी ते मिळून बनवलं होतं आणि हवं त्याला घ्या म्हणून मोकळं ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तीन तास काहीच रेकॉर्ड होईना, तेव्हा चुकीचा माईक निवडलाय हे तिनेच शोधून काढलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतोय म्हटल्यावर तीच कपड्यांच्या कपाटात घुसून, आईच्या साड्यांमध्ये डोकं खुपसून गायली. एका ओळीत एक आवाज, त्याखालच्या ओळीत दुसरा. नको तो तुकडा कापायचा, हवा तो पुन्हा पुन्हा चिकटवायचा. आणि ताल चुकू नये म्हणून कानात मोजणारी टिकटिक चालू ठेवायची. सगळं सगळं ती स्वतः शिकली होती!

आणि तिने लिफ्टचा ताल शोधला होता.

त्यांचं घर सातव्या मजल्यावर, अगदी वरचं. लिफ्टचं मशीन डोक्यावरच. लिफ्ट वर आली की आधी 'कट्', मग 'घूंऽऽ' आणि थांबताना 'ठक्'! तिने तेवढाच तुकडा कापून एकामागे एक सोळा वेळा लावला, तर काय झकास ठेका तयार झाला! शेजारच्या घरातली तिची मैत्रीण फूटपट्टी तर उड्याच मारायला लागली होती. फूटपट्टी अंगकाठीनेही फूटपट्टीसारखी होती आणि तिच्या दप्तरात फूटपट्टी नाही असा दिवस उगवला नव्हता.

मग घुम्या आला. एका दुपारी त्याने स्टीलचे चार पेले चमच्याने वाजवून रेकॉर्ड केले, आवाज खालीवर ताणले आणि ठिणगीच्या ठेक्यावर अशी काही धून बसवली की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"ऐका, ऐका!" आईने पाचव्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनाही बोलावून आणलं. "आमच्या घुम्याने काय केलंय बघा!"

आमच्या घुम्याने! आणि खालचा तो 'कट् घूं ठक्' कुणाचा होता?

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "किती गोड रे बाळा! फक्त ती मागे खडखड होतेय ना, ती काढता नाही का येत?"

ठिणगीच्या पोटात कुणीतरी निखारा ठेवला. फूटपट्टीनेसुद्धा खडखडीबद्दल चकार शब्द काढला नाही! ती घुम्याशेजारी बसून पेल्यातल्या पाण्याची उंची मोजत होती.

बुधवारी घुम्या म्हणाला, "धून वाढलीय. लिफ्टचा लांब तुकडा मिळेल?"

"मिळेल की! खडखडच ती, हवी तेवढी मिळेल!" असं म्हणून ठिणगीने लॅपटॉप दाराबाहेर स्टुलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि साडेदहापासून साडेबारापर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवलं. संध्याकाळी तिने त्यातला तुकडा जुन्या ठेक्यापुढे जोडला.

आणि ताल चुकला!

पहिल्या सोळा वेळा बरोबर. नवीन तुकडा सुरू झाला की मात्र घुम्याचे पेले पुढे आणि लिफ्ट मागे, लिफ्ट मागे, आणखी मागे…

"तू माझ्या ओळीला हात लावलास!" ठिणगी ओरडली.

"नाही."

"लावलास! माझा ठेका बिघडवलास, म्हणजे सगळे म्हणतील, ती खडखड काढूनच टाका!"

"ठिणगे, तो कशाला असं करेल?" फूटपट्टी म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस! तू त्याचीच झालीयस!"

फूटपट्टीचा चेहरा पडला आणि ती उठून घरी गेली. घुम्या काहीतरी बोलणार होता, पण त्याने ओठ मिटले आणि खिडकीत जाऊन उभा राहिला.

गुरुवारी सकाळी ठिणगीने कुणालाही न सांगता लिफ्ट पुन्हा रेकॉर्ड केली. घुम्याची लबाडी सिद्धच करायची होती! तिने पडद्यावर तीन ओळी एकाखाली एक लावल्या: तीन आठवड्यांपूर्वीची लिफ्ट, बुधवारची लिफ्ट आणि आजची लिफ्ट. आवाजाची चित्रं दिसू लागली. 'कट्'चा बारीक काटा, 'घूं'ची जाड अळी, 'ठक्'चा उंच सुळका. तिन्ही ओळींत अगदी सारखे!

पण 'ठक्'च्या पुढे? जुन्या ओळीत तिळाएवढा ठिपका होता. बुधवारच्या ओळीत त्याची नखाएवढी रेघ झाली होती. आजच्या ओळीत ती बोटभर लांब होती!

तिने तेवढंच ऐकलं. 'खर्ररर्र…' धातूवर काहीतरी घासत जात होतं.

घुम्याने काही केलं नव्हतं. लिफ्टच बदलली होती! 'ठक्' म्हणजे ब्रेक लागला. ब्रेक लागल्यावर लिफ्टने जागच्या जागी थांबायला हवं. ती थांबत नव्हती, घसरत होती. आणि रोज थोडी जास्त!

ठिणगीचा हात दाराच्या कडीकडे गेला आणि तिथेच थांबला. आत्ता सांगितलं तर काय होईल? घुम्या हेडफोन लावेल, मान डोलवेल, एक शब्द बोलेल आणि आई म्हणेल, 'आमच्या घुम्याच्या लगेच लक्षात आलं बघा!' छे! त्यापेक्षा रविवारी इमारतीतल्या सगळ्यांची सभा होती. तिथे सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडायचा. एकटीने. मग बघू या कोण म्हणतंय खडखड!

तिने लॅपटॉप मिटला आणि गप्प बसली.

शुक्रवारी दुपारी जिन्यातून किंकाळी ऐकू आली.

ठिणगी, घुम्या आणि शेजारच्या दारातून फूटपट्टी, तिघंही धावली. पाचव्या मजल्यावर लिफ्टसमोर शिवणकामवाल्या काकू जमिनीवर पडल्या होत्या. कापडाचं गाठोडं सुटून चार दिशांना पसरलं होतं. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर जाऊन थांबली होती. गाठोड्यामुळे काकूंना पुढचं दिसलं नाही, बाहेर पडताना पाऊल अधांतरी पडलं आणि त्या उजव्या हातावर आपटल्या.

संध्याकाळी त्या दवाखान्यातून परतल्या तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये होतं. "दीड महिना मशीनला हात लावायचा नाही म्हणाले," त्या आईला सांगत होत्या. "उजवाच हात गं…"

ठिणगी खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. थोड्या वेळाने ती उठली, शेजारी जाऊन फूटपट्टीला हाताला धरून घेऊन आली, घुम्याला समोर बसवलं आणि लॅपटॉप उघडला.

"मला काल सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही. मला वाटलं, सगळे पुन्हा तुझंच कौतुक करतील."

घुम्याने तिन्ही ओळी पाहिल्या आणि ऐकल्या.

"मलाही वाटत होतं," तो म्हणाला. "बुधवारपासून. थांबताना आवाज वेगळा येतोय असं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, आता माझी लिफ्टही घेतोस का?"

ठिणगी अगदी हेच म्हणाली असती! शब्दन् शब्द!

"मला पण बोलायचंय," फूटपट्टी नाक ओढत म्हणाली. "मी काही कुणाची झालेली नाही. मला पाणी मोजायला आवडतं, एवढंच! आणि आता रडणं पुरे. किती सेंटिमीटर घसरतेय ते मोजू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मजल्यामजल्यावर लिफ्टच्या दाराशी फूटपट्टी लावली. कुठे सात सेंटिमीटर, कुठे आठ, तिसऱ्यावर तर साडेनऊ! वही घेऊन तिघं दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षकाकांकडे गेली. ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं.

"ब्रेक? लिफ्टचा? अरे, बुधवारीच सर्व्हिसिंग झालंय! लिफ्टमधलं कार्ड वाचता येतं ना? 'अकरा ते बारा, लिफ्ट बंद ठेवून ब्रेक तपासला.' खाली मेकॅनिकची सही!"

"पण काका, काकू पडल्या…"

"गाठोडं केवढं होतं त्यांचं! सुट्टी आहे, गाणीबिणी करा. मशिनं मोठ्या माणसांवर सोडा!"

दार बंद झालं. ठिणगी भडकून पुन्हा बेल वाजवणार, तेवढ्यात घुम्याने तिची बाही ओढली.

"बुधवारी," तो म्हणाला. "अकरा ते बारा."

"ऐकलं मी! मग?"

घुम्या नुसता बघत राहिला. आणि ठिणगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

"माझं रेकॉर्डिंग! बुधवारी! साडेदहा ते साडेबारा!"

तिघं तीन-तीन पायऱ्या गाळत वर पोचली. ठिणगीने बुधवारची लांबलचक ओळ उघडली. बंद लिफ्ट आवाज करत नाही. म्हणजे अकरा ते बारा ओळ सपाट हवी! पण कसली सपाट? कट्, घूं, ठक्, खर्र! कट्, घूं, ठक्, खर्र! त्या तासात लिफ्ट तेवीस वेळा धावली होती. फूटपट्टीने दोनदा मोजलं.

"पण ते म्हणतील, हे बुधवारचं कशावरून?" तिने विचारलं. "फाईलवरची तारीख त्यांना पटायची नाही."

घुम्याने हेडफोन लावून डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग तो एकदम खुदकन हसला आणि हेडफोन ठिणगीच्या कानांवर ठेवले. आपण होऊन!

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज. मग पावलं. मग, "हा… हाऽ… हाऽऽ… फटाऽक्छी!"

ठिणगी खुर्चीवरून पडता पडता वाचली आणि तिने हेडफोनची वायर उपटून ती शिंक फूटपट्टीलाही ऐकवली. ही शिंक साऱ्या इमारतीला पाठ होती. एवढ्या दणक्यात अध्यक्षकाकांशिवाय कुणीच शिंकत नसे!

"बुधवारी ते गच्चीवरची टाकी बघायला वर आले होते!" फूटपट्टी ओरडली. "टाकी धुणारे आले होते तेव्हा! आणि पुढे ऐका, पंचवीस मिनिटांनी कारखान्याचा बाराचा भोंगा वाजतोय. म्हणजे शिंक अकरा पस्तीसची!"

"आता त्यांना हे ऐकवायचं कसं?" ठिणगी म्हणाली. "दारच उघडणार नाहीत. आणि तोवर लिफ्टमधून सगळे ये-जा करतायत."

या वेळी घुम्याने तिच्याकडे पाहिलं. "तू सांग," तो म्हणाला. "असं काहीतरी तुलाच सुचतं."

ठिणगीने आजूबाजूला नजर फिरवली. तिची नजर स्टुलावर पडली.

पाचच मिनिटांत लिफ्ट सातव्या मजल्यावर आली, तिची जाळी उघडली गेली आणि स्टूल दारात आडवं अडकवलं गेलं. जाळी उघडी असली की लिफ्ट जागची हलत नाही! तिघं बाहेर फरशीवर ठिय्या मारून बसली.

खालून हाका सुरू झाल्या. "लिफ्ट सोडाऽ!"

"ब्रेक खराब आहेऽ! जिन्याने याऽ!" ठिणगी खच्चून ओरडली.

"कोण आहे रे वर? दंगा चाललाय का?"

अर्ध्या तासात जिन्यात धापा ऐकू आल्या. अध्यक्षकाका घामाघूम होऊन वर आले. त्यांच्यामागे निळ्या शर्टातला मेकॅनिक होता. काकू पडल्याच्या तक्रारीवरून त्यांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. आवाज ऐकून आईही दारात आली.

"हा काय पोरकटपणा!" अध्यक्षकाका गरजले. "काढा ते स्टूल!"

"काढतो आम्ही काका, लगेच काढतो," ठिणगी गोड आवाजात म्हणाली. "फक्त या काकांना एकच विचारायचंय. बुधवारी तुम्ही ब्रेक तपासलात, तेव्हा लिफ्ट किती वेळ बंद होती?"

"पूर्ण तासभर!" मेकॅनिक छाती फुगवून म्हणाला. "अकराला बंद केली, बाराला चालू. आपलं काम एकदम चोख!"

"मध्ये एकदाही चालू केली नाहीत?"

"ब्रेक खोलल्यावर लिफ्ट चालवतात का कधी?"

"काका, आमचं गाणं ऐका ना," ठिणगी म्हणाली आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवून बटण दाबलं.

कट्. घूंऽऽ. ठक्. खर्ररर्र. जाळी उघडली. पावलं वाजली. "हा… हाऽ… हाऽऽ… फटाऽक्छी!"

आईने तोंडावर पदर धरला.

"ही… ही तर माझी शिंक!" अध्यक्षकाका म्हणाले. "बुधवारी टाकीवर आलो होतो तेव्हा… मी लिफ्टनेच आलो होतो!" ते सावकाश मेकॅनिककडे वळले. "तू ब्रेक खोलला होतास ना? मग मी वर आलो कसा? उडत?"

मेकॅनिकची छाती टाचणी लागल्यासारखी बसली. "साहेब, त्या दिवशी पाच इमारती होत्या… सगळीकडे चढणं कसं जमणार… कार्डावर सही केली खालीच…"

मग फूटपट्टीने तिची वही पुढे केली. अध्यक्षकाकांनी एकेक आकडा वाचला आणि साडेनऊ वाचून स्टूल स्वतःच्या हाताने दारात आणखी घट्ट बसवलं.

दुपारी लिफ्टच्या कंपनीतून मोठ्या इंजिनिअरबाई आल्या. पांढरे केस, हातात टॉर्च. त्या मशीनच्या खोलीत चढल्या आणि खाली आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर ब्रेकची पट्टी होती, झिजून नखासारखी पातळ झालेली.

"आणखी आठवडाभर चालली असती तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "रेकॉर्डिंग कुणी केलं? मला ऐकायचंय."

त्यांनी हेडफोन लावून तिन्ही ओळी ऐकल्या, पडद्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "पंचवीस वर्षं मी ब्रेकचे आवाज ऐकतेय," त्या म्हणाल्या, "पण ब्रेक झिजताना असा ओळीने मांडलेला आज पहिल्यांदा बघतेय. उरलेल्या चार इमारतींची कार्डंही मी आत्ताच तपासायला घेते."

रविवारच्या सभेत अध्यक्षकाकांनी घसा खाकरला. "आपल्याकडे आलेल्या या हुशार पाहुण्याने…" असं म्हणत त्यांनी घुम्याच्या खांद्यावर हात ठेवला.

झालं! पोटातला निखारा पुन्हा फुलला. ठिणगी ताडकन उभी राहिली.

"काका, रेकॉर्डिंग माझं आहे!" सगळे वळून बघायला लागले. "मोजमाप हिचं. शिंक ह्याने शोधली. आणि… मला गुरुवारीच कळलं होतं. मला एकटीला शाबासकी हवी होती म्हणून मी बोलले नाही. म्हणून काकू पडल्या."

सभेत कुजबुज झाली. काकू प्लास्टरचा हात मांडीवर सावरत तिच्याकडे वळल्या.

"राग आलाय मला," त्या म्हणाल्या. "थोडा राहीलही. पण सहा-सात मजले लिफ्टने रोज चढउतार करणारी किती लेकरं आहेत या इमारतीत! त्यांच्यातलं कुणी पडलं नाही, ते तुमच्या तिघांमुळे. आणि ऐक, त्या गाण्यातली खडखड कुणाला काढू देऊ नकोस."

मग टाळ्या वाजल्या. अध्यक्षकाकांनीही वाजवल्या. "माझ्या शिंकेचा एवढा उपयोग आजवर कधी झाला नव्हता!" ते म्हणाले आणि सभा खदखदून हसली. पुढच्या महिन्यापासून सर्व्हिसिंगच्या वेळी समितीतलं कुणीतरी मशीनपाशी हजर राहील, असं तिथेच ठरलं. काकू बऱ्या होईपर्यंत रोज त्यांची कापडं वरखाली नेण्याचं काम ठिणगीने आपण होऊन अंगावर घेतलं.

चार दिवसांनी गाणं पुरं झालं. गाणं साठवताना सॉफ्टवेअरने एक चौकट उघडली: कलाकारांची नावं.

ठिणगीने झटकन स्वतःचं नाव लिहिलं. मग घुम्याकडे पाहिलं. तिने त्याचं नाव आपल्या नावामागे लिहिलं, ते खोडलं, पुढे लिहिलं, तेही खोडलं.

"दे इकडे," फूटपट्टी म्हणाली. "सोपं आहे. अक्षरांच्या क्रमाने लावायचं. घ, मग ठ, मग फ."

"म्हणजे हाच पहिला?" ठिणगी किंचाळली. "आता काय मुळाक्षरंसुद्धा ह्याच्याच बाजूची झाली का?"

घुम्या इतका हसला, इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. ठिणगीने डोळे वटारले, दात-ओठ खाल्ले, आणि 'घु' टाइप केलं.